उजवा खांदा पाऊण इंच खाली

१८ जानेवारी १९७१, सोमवार

भगवतीची यात्रा आटोपली. यात्रेसाठी शिवलेले कपडे घरोघर पेटीत गेले, म्हणजे आता लग्नसराईपर्यंत मशीनला विश्रांती. मापाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. इंदूची आई होती तेव्हा संध्याकाळी तिच्याशी बोलायचो. तिला जाऊन चैत्रात बारा वर्षं होतील. आता वहीशी बोलावं.

दवाखान्यातले डॉक्टर आले होते. दोन पांढरे कोट टाकून गेले. पुण्यात शिकत असतानाचे, कोपरावर विरलेले. म्हणाले, मास्तर, याच मापाचे नवे शिवा. म्हटलं, कोटाचं माप घेत नसतो, माणसाचं घेतो, उभे राहा. पोरगा गुणी, तिशीचाही नाही. मुकाट उभा राहिला.

म्हटलं, डॉक्टर, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली.

"काहीतरीच! मला कधी कुणी सांगितलं नाही."

सगळ्यांचाच असतो म्हटलं. कुणाचा पाव, कुणाचा अर्धा. माझा तर पाऊण. चाळीस वर्षांत दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस या दुकानाची पायरी चढलेला नाही. डॉक्टर बराच वेळ आरशात बघत राहिले.

२१ जानेवारी, गुरुवार

कच्च्या टाक्यांवर कोट अंगात घालून डॉक्टर उभे. बोलता बोलता विचारलं, माणसाच्या आतलं तुम्ही शिकता कसं? पुस्तकात बघून?

म्हणाले, पुस्तकात चित्र असतं. खरं शिक्षण टेबलावर. मेलेल्या माणसावर. "एका देहाभोवती आम्ही वीस जण. मी उंचीला कमी, मागे उभा. हाताच्या शिरा नीट बघायला मिळाल्या त्या चौथ्या महिन्यात."

कुणाचे देह असतात?

"बेवारस. स्टेशनात, रस्त्यावर गेलेले."

नावं?

"नाव नसतं मास्तर. नंबर असतो."

आपणहून कुणी देत नाही का, म्हटलं. देता येतं, म्हणाले, पण देतो कोण?

मी बाहीच्या मुंढ्याची टाचणी काढली. ती तोंडात धरली, म्हणून पुढे बोललो नाही. पण दिवसभर तेच. वीस जण, आणि मागे उभा असलेला बुटका पोरगा टाचा उंचावून बघतोय.

२४ जानेवारी, रविवार

उस्तादांची आठवण. भिंगारच्या लष्करी छावणीत त्यांचं दुकान. मी अठरा-एकोणीसचा. साहेबलोकांचे कोट शिवणारे उस्ताद, आणि मला एक वर्ष सुईला हात लावू दिला नाही. जुने कोट आणून पुढे टाकायचे. "पहले खोलना सीख." बारीक कात्रीनं एकेक टाका उसवायचा, कापडाला इजा न करता. अस्तर वेगळं, कॅनव्हास वेगळा, खांद्यातला कापूस वेगळा. मग सगळं चटईवर मांडून सांगायचं, काय कुठे बसलं होतं. चुकलं की परत.

शिवणं शिकलो ते असं.

वारले त्या वर्षी उस्तादांनी स्वतःच्या लग्नातला कोट पुढ्यात टाकला. मी म्हटलं, हा नको. म्हणाले, दुसऱ्याचे किती दिवस उसवशील. उसवला. डाव्या खांद्यात अस्तराच्या आड एक टाका पार वाकडा गेलेला. इतक्या मोठ्या माणसाचा. मी वर बघितलं तर उस्ताद हसत होते. तो टाका मला बाकी सगळ्या कोटांपेक्षा जास्त शिकवून गेला. त्यानंतर मला सुईची भीती वाटली नाही.

हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं.

३० जानेवारी, शनिवार

पत्र टाकलं. पुण्याच्या मेडिकल कॉलेजला. पत्ता डॉक्टरांकडून घेतला, कशासाठी ते सांगितलं नाही. नक्कल इथे उतरवून ठेवतो.

"मी कोल्हार येथील शिंपी. वय सहासष्ट. प्रकृती बरी. मृत्यूनंतर माझा देह विद्यार्थ्यांस शिकण्यासाठी द्यावा अशी इच्छा आहे. माप खालीलप्रमाणे : छाती चौतीस, कंबर तीस, पाठ साडेसोळा, बाही साडेबावीस. उजवा खांदा पाऊण इंच खाली. दात सोळा. डाव्या हाताच्या पहिल्या बोटात सुईचे टोक मोडून राहिले आहे. उघडताना विद्यार्थ्यांच्या हातास लागेल, सांभाळावे."

पोस्टात टाकून परत येताना नदीकडच्या वाटेने आलो. पाणी थोडं, पण निवळ. धुणं वाळत होतं. फार हलकं वाटलं. का ते सांगता येत नाही.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

सुईचं टोक आज टोचतंय. थंडी असली की टोचतं. भिंगारलाच मोडलं होतं. उस्तादांनी चिमट्यानं बघितलं, निघेना. म्हणाले, राहू दे, तुझ्याबरोबर येईल. आलं सत्तेचाळीस वर्षं.

इंदू लहान असताना मांडीवर बसून ते बोट दाबून बघायची. दुखतं? नाही. आता? नाही. आता? तिसऱ्यांदा मी मोठ्यानं ओरडायचो आणि ती हसत सुटायची. रोजचा खेळ. तिच्या आईला राग यायचा, भाकरी करपायची म्हणून.

११ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दुकानातच डुलकी लागली. मोठी खोली. उंच खिडक्या, त्यांतून ऊन. मी टेबलावर निजलोय, पण मला उभं राहून सगळं दिसतही होतं. पोरं भोवताली, सगळ्यांचे पांढरे कोट माझ्या हातचे. मी काज बघत होतो, ठीक होते. पोरं शिवणीशिवणीनं मला उसवत होती, घाई नाही, कापडाला इजा नाही. एक वेणीवाली मुलगी पुढे होती. तिच्या हाताला सुई लागली. तिनं ती उजेडात धरली, म्हणाली, हा माणूस शिंपी होता.

बेवारस नाही. शिंपी.

खिडकीशी इंदूची आई वाल सोलत बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, झालं का? पाठमोरी होती. लुगडं कुठलं ते दिसलं नाही.

डोकं मशीनवर टेकलेलं, उठलो तर गालावर चाकाची खूण. समोरचा पानवाला हसत होता.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

कॉलेजचं उत्तर. टाइप केलेलं, खाली शिक्का. आभार मानलेत. सोबत फॉर्म. दोन साक्षीदार हवेत. जवळच्या नातेवाइकाची संमती हवी, तिच्याशिवाय पुढे काही नाही. मृत्यूनंतर देह विनाविलंब पोचवावा. आणि शेवटी एक ओळ : "मापांची आवश्यकता नाही."

डॉक्टरांना दाखवलं. शेवटची ओळ वाचून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. विनाविलंब म्हणजे काय ते समजावलं. आपलं ऊन, पुण्याची चार-पाच तासांची वाट. जीव गेला की लगेच निघायचं. "कुणासाठी थांबता येणार नाही मास्तर. हे घरच्यांना आधी नीट सांगा."

घरचे म्हणजे इंदूच. मुलगा नाही. इंदू राहात्याला, जावई वसंतरावांचं तिथे कापडाचं दुकान.

फॉर्म मशीनच्या खणात ठेवलाय. रिळांखाली.

२४ फेब्रुवारी, बुधवार

निवडणुकीचे झेंडे शिवायला आले. दोन्हीकडचे माझ्याकडेच. एकच सुई, फक्त दोरा बदलायचा.

भागुजीनं साक्षीदार म्हणून सही केली. हा माझा शाळेपासूनचा सोबती. पेरूचा मळा, रोज दुपारी दुकानाच्या बाकावर. आधी बोंब मारली, "येडा झाला का रं मास्तर? कापत्याल तुला!" म्हटलं, मी आयुष्यभर काय करत आलो? मग विचारात पडला. विडी अर्धी संपल्यावर म्हणाला, "पुन्याला न्यायचं कशात पन?" तूच सांग म्हटलं. "माझ्या पेरूच्या ट्रकमधी. मागं जागा ठिवीन."

सही करताना जीभ बाहेर काढून, अक्षर अक्षर लावून. दुसरी सही डॉक्टरांची.

पेरूच्या ट्रकमधून पुणं. पाट्या, पाला, आणि तो वास. घारगावचा घाट... नाही, ट्रक नगरवरूनच जाईल. भिंगारच्या फाट्यावरून. उस्तादांच्या दुकानाजवळून. फार आवडलं मला. दिवसभर त्या ट्रकमध्येच होतो. झेंड्यांच्या चार शिवणी उलट्या बसल्या.

इंदूला पत्र लिहायला हवं. उद्या.

२८ फेब्रुवारी, रविवार

लिहिलं नाही. तीनदा "चि. इंदू हिस अनेक आशीर्वाद" इथपर्यंत आलो.

४ मार्च, गुरुवार

बारा वाजता मनमाडकडची एसटी थांबली आणि इंदू उतरली. एकटी. हातात पिशवी नाही, पायात चप्पल आहे की नाही तेही बघितलं नसावं. धावतच दुकानात. मी झेंडा शिवत होतो. तिनं आधी माझं कपाळ बघितलं, मग हात. श्वास लागला होता.

"नाना, काय झालंय तुमाला? खरं सांगा. डाक्तर काय म्हनला?"

काही झालं नाही म्हटलं. ठणठणीत आहे.

"मग भागुजीकाका वसंतरावांच्या दुकानात काय बोलले? मास्तरानं सोताला पुन्याच्या डाक्तरास्नी देऊन टाकलं म्हनून! कागुद झाला, सह्या झाल्या!"

भागुजी पेरू घेऊन राहात्याच्या बाजारात गेला होता. त्याच्या पोटात काही राहात नाही हे मला पन्नास वर्षांपासून ठाऊक. तरी त्यालाच आधी सांगितलं, लेकीला नाही.

बाकावर बसली. पदरानं तोंड पुसलं. रडेल वाटलं, रडली नाही. म्हणाली, "म्हंजी याबी टायमाला लपिवलंत."

मशीन थांबलं. मी थांबवलं नाही, पाय आपोआप थांबले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

इंदू आत चुलीशी. मी बाहेर. लिहून टाकतो एकदा.

तिची आई गेली तेव्हा मंगल, म्हणजे इंदूची दुसरी मुलगी, चार दिवसांची होती. इंदू राहात्याला बाळंतिणीच्या खोलीत. इकडे तिच्या आईला तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, काय आहे समजत नाही. दुपारी संपलं. ऊन मी म्हणत होतं. राहातं तासाभराची वाट. सायकल होती, जायला माणूस होता. बायका म्हणाल्या, ओली बाळंतीण, दूध आटेल, कळवू नका. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली.

चारच्या सुमाराला नदीवर नेलं.

इंदूला सव्वा महिन्यानं सांगितलं. ती आली, दारात उभी राहिली, आईच्या निजायच्या जागेकडे बघितलं. मला एकच विचारलं, "कोनतं लुगडं नेसिवलं हुतं?" हिरवं म्हटलं. सवाष्ण गेली, हिरवंच. "हिरवं समद्यास्नीच नेसिवत्यात. काठ कसला हुता?"

मला आठवेना. मी शिंपी. गावातल्या कुणाच्या लग्नात कुणी काय घातलं होतं ते सांगू शकतो. तिच्या आईच्या अंगावरचा शेवटचा काठ मला आठवला नाही. अजून आठवत नाही.

त्यानंतर इंदू कधी त्याबद्दल बोलली नाही. बारा वर्षं. मला वाटलं विसरली. किती सोयीचं वाटतं माणसाला.

५ मार्च, शुक्रवार

सकाळी फॉर्म तिच्यापुढे ठेवला. सगळं सांगितलं. उस्ताद, उसवलेले कोट, वाकडा टाका, वीस पोरं. आणि हेही की, तुझ्या आईचं दुखणं त्या डॉक्टरला समजलं नाही, तोही कदाचित मागे उभा असेल. ऐकत होती. चूल फुंकायची थांबून ऐकत होती. मला वाटलं पटतंय.

मग विचारलं, "आन् मी यीस्तवर थांबतील का?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही म्हटलं. लगेच न्यावं लागतं.

"मंजी आईचं तोंड न्हाई बघितलं, तुमचं बी न्हाई."

तिनं परातीत पीठ ओढलं.

"नाना, मला दिलंत तवा माझी सही कुनी मागितली हुती का? चौदाची हुते. वसंतराव चांगले निघाले ते माझं नशीब. आता तुमाला द्यायचंय तर माझी सही लागती. बरं हाय की. एकदा तरी माझ्यावर आलं."

रागानं बोलली नाही. भाकरी थापत म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

दोनच्या गाडीनं गेली. फॉर्मची घडी घालून कनवटीला खोचून घेऊन गेली. सही करणार का विचारायची हिंमत झाली नाही.

१२ मार्च, शुक्रवार

धुळवड. भागुजी तोंडाला रंग फासून आला, वर मलाच विचारतो, रुसला का? तुझ्यामुळे सगळा घोटाळा म्हटलं. "माझ्यामुळं? तू लेकीला सांगितलं न्हाई, मला काय म्हाईत? मी म्हनलं, आनंदाची गोष्ट हाय, सांगावी." आनंदाची गोष्ट. खरंच त्याला तसं वाटलं असणार. त्याच्यावर रागावता येत नाही हीच पंचाईत.

दुपारी पुन्हा ती उंच खिडक्यांची खोली. पण पोरं नव्हती. टेबल रिकामं, धुऊन पुसलेलं. दाराशी इंदू उभी, आत येत नव्हती. मी तिला हाक मारत होतो. तोंडात टाचण्या होत्या, शब्द निघेना.

२७ मार्च, शनिवार

पाडवा. गुढीला नवा खण शिवून घातला. राहात्याहून पत्र. अक्षर मंगलचं, सांगणारी तिची आई.

"ती. नानांस साष्टांग नमस्कार. आई सांगते ते लिहिते. मी खूप विचार केला. तुमचे उस्ताद बरोबर बोलले. पोरांनी शिकावे. मी सही करीन. पण मला निरोप धाडून मग मी यायची, तोवर कुणी थांबायचे, हे मला नको आहे. मी जवळच असेन तर कुणाला थांबायला नको. म्हणून तुम्ही मशीन घेऊन इकडे यावे. इथेच राहावे. इथेच जेवावे. दुकानाच्या ओट्यावर मशीन बसेल, वसंतरावांनी जागा मोजली आहे. तुम्ही याल तेव्हा सही करीन. आई म्हणते, जमत नसेल तर फॉर्म परत पाठवते. आजोबा, तुम्ही या. हे मी माझ्या मनाचे लिहिले आहे."

चार वेळा वाचलं. पहिल्या वेळेला छातीत काही तरी भरून आलं. दुसऱ्या वेळेला "इथेच जेवावे" यावर अडलो.

३० मार्च, मंगळवार

लेकीच्या घरी मी पाणी पीत नाही. माझे वडील प्यायले नाहीत, त्यांचे वडील प्यायले नाहीत. एकदा दिलं, त्या घरचं घ्यायचं नाही. राहात्याला जातो तेव्हा भाकरी फडक्यात बांधून नेतो, एसटी स्टँडवर बसून खातो, तांब्या बरोबर असतो. इंदूच्या घरी ओट्यावर बसतो, नातींना खाऊ देतो, निघतो. इंदूनं पहिली काही वर्षं आग्रह केला. मग नुसता पाट मांडायची आणि उचलायची. अलीकडे मांडतही नाही.

तिच्या सासूबाई होत्या तेव्हा ठीक होतं. त्या जाऊनही सहा वर्षं झाली.

२ एप्रिल, शुक्रवार

भागुजीला सांगितलं. बाकावरून उठूनच उभा राहिला.

"मेल्यावर पोरास्नी कापू देशील, आन् जित्तेपनी लेकीच्या हातची भाकर खायाला तुला लाज वाटती? कसला रं तू?"

ते वेगळं, हे वेगळं म्हटलं.

"काय येगळं?"

अग्नी नको, दहावा नको, कावळ्याची वाट बघणं नको, हे सगळं मी एका पत्रात सोडून दिलं आणि तेव्हा हलकं वाटलं. आणि एका ताटापाशी मी अडून बसलोय. उस्ताद असते तर हसले असते. हाच तो वाकडा टाका.

मेल्यावर मी तिथे नसेन, म्हणून सोपं होतं. ताटासमोर मला बसावं लागेल.

७ एप्रिल, बुधवार

ऊन वाढलं. नदीत आता डबकी. लग्नाचं काम येतंय आणि मी परत पाठवतोय, का ते मलाच कळत नाही. आज डॉक्टरांनी विचारलं, फॉर्म गेला का. म्हटलं, सहीसाठी थांबलाय. कुणाच्या? मी म्हटलं, माझ्या.

दुपारी पडलो. खोली, खिडकी, ऊन. इंदूची आई वाल सोलत. या वेळी वळून बघितलं तिनं. पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिनं वर घेतला, आणि काठ दिसला. बारीक, रुईफुलाचा. लाल.

उठून बसलो. खरंच रुईफुली होता का? की मला हवा म्हणून दिसला? तासभर आठवत बसलो. नगरहून आणलेलं एक हिरवं होतं तिच्याजवळ, एवढं खरं.

११ एप्रिल, रविवार

मशीनचं डोकं काढून गोणपाटात बांधलं. पायडल इथेच ठेवलंय. राहिलो तर भागुजी आणून देणार आहे पेरूच्या ट्रकमधून. नाही राहिलो तर डोकं परत आणायचं. कात्र्या, टेप, खडू पिशवीत. भाकरी बांधायला घेतली, फडकं पसरलं, परत घडी घातली.

तांब्याही ठेवला. मग उचलला. मग ठेवला.

१२ एप्रिल, सोमवार. राहाता

कंडक्टर मशीन वर चढवू देईना. मांडीवर घेऊन आलो. पाय बधिर.

वसंतराव स्टँडवर आले होते. काही न बोलता मशीन खांद्यावर घेतलं. ओट्यावर खरंच जागा केलेली, उजेड डावीकडून येतो अशी. कुणी सांगितलं त्यांना? इंदूला लहानपणापासून ठाऊक, मला उजेड डावीकडून लागतो.

इंदू आत होती. बाहेर आली नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज. मी चप्पल काढून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. त्या घराच्या त्या दारापर्यंत मी वीस वर्षांत आलो नव्हतो. पाट मांडलेला होता.

उभ्या उभ्याच म्हटलं, इंदू, काठ रुईफुलाचा होता. लाल. स्वप्नात दिसला, खरा-खोटा मला माहीत नाही.

तिचे हात थांबले. पाठमोरीच होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली, मंगलनं पुढे होऊन उलटली.

"नगरचं लुगडं," म्हणाली. "मंगलच्या वेळी मला नेसायला देनार हुती." मग डोळे पुसले, पीठ कपाळाला लागलं. "बसा नाना."

बसलो. गुडघे वाजले. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. मी आधी पाणीच प्यायलो. मग पिठलं, भाकरी, पेरूची कोशिंबीर. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. चव कळत नव्हती, तिसऱ्याला कळली. मीठ तिच्या आईसारखंच कमी.

इंदू समोर येऊन बसली. माझा डावा हात घेतला, पहिलं बोट दाबलं.

"दुखतंय?"

नाही म्हटलं.

"आता?"

नाही.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. नुसतं बोट धरून बसली. फॉर्म तिनं देव्हाऱ्यात ठेवलाय, हळदीच्या डबीखाली, इथून मला दिसतो. सहीची जागा कोरी आहे. मी त्याकडे बघतोय हे तिनं बघितलं.

"करीन म्हनले ना," म्हणाली. "पळून चाललाय का कागुद? रोज जेवा, मग करीन."

आणि दुसरी भाकरी वाढली.